बझर किती वेळा वाजतो

रबाळ्याच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझर काकांचा फोन आला, तेव्हा मी ठाणे स्टेशनच्या दहा नंबर फलाटावर वाशीच्या गाडीची वाट पाहत उभी होते. डोक्यावर घोषणा चालू होती, शेजारी कुणीतरी वडापावचा कागद चुरगळत होते, आणि त्या सगळ्या गोंगाटातून काका सावकाश, शब्द निवडून बोलत होते. "मॅडम, यंत्र आता शहाण्यासारखं वागतंय. एकदाच वाजतं. तुमचे आभार मानायला फोन केला." एवढे बोलून ते थांबले, आणि माझी गाडी आली. मी डब्यात चढले, दांडी पकडली, आणि तेव्हा ते म्हणाले, "पण एक अडचण झालीये. आधी वाजायचं तेव्हा आम्हाला कळायचं. आता काहीच कळत नाही." काय कळायचे, हे विचारण्याआधी कळव्याच्या खाडीवर फोन तुटला.

त्या एका वाक्याने पुढचे चार दिवस माझा पिच्छा पुरवला.

यंत्र म्हणजे पिशव्या भरणारे यंत्र. अर्धा किलो बेसनाची पिशवी भरायची, तोलायची, शिवायची आणि पट्ट्यावर पुढे ढकलायची, एवढेच त्याचे काम. त्याच्या छातीवर जो स्पर्शपडदा बसवलेला आहे, त्यातला प्रोग्राम आमच्या छोट्या चमूने लिहिला आहे, आणि तो क्यूटीवर, म्हणजे पडद्यावरचे प्रोग्राम लिहिण्यासाठीच्या एका तयार लायब्ररीवर, उभा आहे. तिच्या कर्त्यांना तिचे नाव इंग्रजीतल्या 'क्यूट' या शब्दासारखे उच्चारलेले आवडते, परंतु ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कोणत्याही ऑफिसात मी 'क्यू-टी'खेरीज दुसरे काही ऐकलेले नाही. पिशवीचे वजन ठरलेल्या फरकापेक्षा कमी भरले, की प्रोग्रामातला धोक्याची सूचना देणारा ऑब्जेक्ट, म्हणजे आपले एक काम सांभाळणारा घटक, एक सिग्नल सोडतो, आणि बझरचा स्लॉट, म्हणजे सिग्नल आला की चालणारा कोडचा तुकडा, तो ऐकून एकदा वाजतो. हा फरक किती ग्रॅमचा ठेवायचा, ते सेटिंगच्या पानावर ठरवता येते. यंत्र बसवून दोन महिने झाल्यावर तक्रार आली ती अशी, की दिवस चढेल तसे यंत्र जास्त ओरडते. सकाळी सातच्या पाळीला हलक्या पिशवीमागे एकदा, जेवणाच्या सुट्टीनंतर चार-पाचदा, आणि रात्री अकराला पाळी सुटताना अकरा वेळा.

माझी पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती, हे कबूल केले पाहिजे. यंत्रे दिवस चढेल तशी चिडचिडी होत नाहीत; ते आपले आहे. आमच्या टेबलावर तोच प्रोग्राम आठवडाभर एकदाच वाजत होता. फरक इतकाच होता, की यंत्र सुरू होताना सेटिंगचे पान एकदा आपोआप उघडून मिटते आणि टेबलावर आम्ही तेवढ्यावरच थांबत होतो, तर रबाळ्यात ते पान त्यानंतरही दिवसातून आठ-दहा वेळा उघडले जात होते. त्या पानावर 'बझर चालू' अशी एक चौकट आहे. पान उघडले की जपून ठेवलेली निवड वाचायची, आणि ती 'चालू' असेल तर सिग्नल बझरला जोडायचा, अशी एक ओळ त्या पानाच्या पोटात होती. ती ओळ माझीच होती. एका पावसाळी संध्याकाळी, शेवटची गाडी गाठायच्या घाईत लिहिलेली.

सिग्नल आणि स्लॉट यांची गंमत ज्यांनी वापरली आहे त्यांना पुढचे कळलेच असेल. कनेक्ट ही आज्ञा एकदा दिली की एक जोडणी होते. तीच आज्ञा, त्याच दोन ऑब्जेक्टांसाठी, पुन्हा दिली की ती आधीची जोडणी पक्की करत नाही, तर दुसरी करते. मग सिग्नल एकदा सुटला तरी स्लॉट दोनदा चालतो. त्यातून आम्ही बझरच्या स्लॉटला आवाज रांगेत लावायला शिकवले होते, कारण लागोपाठ दोन हलक्या पिशव्या आल्या तर दुसरीचा आवाज पहिलीत बुडून जाऊ नये. त्यामुळे अकरा जोडण्यांचे अकरा आवाज एकमेकांत न मिसळता, मोजून घ्यावेत असे स्वच्छ, ओळीने वाजत. रात्री यंत्र बंद झाले की सगळ्या जोडण्या विरून जात, आणि सकाळी ते पुन्हा एकदाच वाजणारे, पाटी कोरी असलेले यंत्र असे. तक्रारीतला 'दिवस चढेल तसे' हा शब्दप्रयोग किती अचूक होता, हे मला दुरुस्ती केल्यावर उमगले.

दुरुस्तीचा तपास करताना मी एक गोष्ट केली, जी एरवी करत नाही. क्यूटीत एखाद्या सिग्नलला किती जण ऐकत आहेत, हे विचारता येते. रिसीव्हर्स नावाचे ते फंक्शन ऑब्जेक्टाला फक्त आतूनच वापरता येते, बाहेरच्याला नाही. आणि त्याच्या अधिकृत माहितीत स्पष्ट इशारा आहे, की हे फंक्शन मॉड्यूल एकमेकांपासून स्वतंत्र असावेत या तत्त्वाचा भंग करते. सांगणाऱ्याने ऐकणाऱ्यांची मोजदाद करू नये, असा तो दंडक आहे. मी तो मोडला. सेटिंगचे पान उघडत-मिटत गेले आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडा पाहत गेले: १, २, ३, ४. त्या क्षणी जी लाज वाटली ती चूक झाल्याबद्दलची नव्हती. चुका रोजच होतात. आपण दोन महिने एका खोलीत बोलत होतो आणि दर तासाला त्या खोलीत आपलीच आणखी एक सावली येऊन बसत होती, तरी आपल्याला पत्ता नव्हता, अशी ती लाज होती.

पण पत्ता नसणे, हाच तर या सगळ्या रचनेचा पाया आहे. १९९० च्या उन्हाळ्यात नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये हॉवर्ड नॉर्ड आणि आयरिक चेंब-एंग हे दोघे अल्ट्रासाऊंडच्या प्रतिमांसाठी एक डेटाबेस लिहीत होते, आणि तो युनिक्स, मॅकिंटॉश आणि विंडोज अशा तिन्हींवर दिसायला हवा होता. बागेतल्या बाकावर ऊन खात बसलेले असताना आपल्याला पडद्यासाठी ऑब्जेक्टांवर आधारलेली एक नवी व्यवस्था हवी, असे बोलणे निघाले. १९९१ मध्ये लेखनाला सुरुवात झाली, आणि पुढच्या वर्षी चेंब-एंगला सिग्नल-स्लॉटची कल्पना सुचली. १९९५ च्या मे महिन्यात क्यूटी लोकांसमोर आली. कल्पना अगदी साधी आहे. बटणाने 'मी दाबले गेलो' एवढेच म्हणावे. ते ऐकून फाइल जपायची, खिडकी मिटायची की काहीच करायचे नाही, याची चौकशी बटणाने करू नये. बटण लिहिणारा माणूस ट्रॉनहाइमचा आणि ते वापरणारा महापेचा, तरी दोघांना एकमेकांचे नाव माहीत असण्याची गरज नाही. क्यूटी ज्या भाषेत लिहिली आहे त्या सी प्लस प्लसमध्ये त्या काळी हे सरळ लिहिता येत नव्हते, म्हणून मॉक नावाचा एक मदतनीस आधी क्लासची हेडर फाइल, म्हणजे ऑब्जेक्टाचा आराखडा लिहिलेली फाइल, वाचतो आणि जोडण्यांसाठी लागणारा मजकूर स्वतः लिहून देतो. सिग्नल सोडताना आपण कोडमध्ये ऐटीत 'एमिट' असे लिहितो, त्या शब्दाला कंपायलरच्या, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या, लेखी काहीही अर्थ नाही. तो रिकामा मॅक्रो आहे, म्हणजे रूपांतराआधीच गळून जाणारा, फक्त वाचणाऱ्या माणसासाठी ठेवलेला शब्द. एमिटनंतर जे घडते ते, दोघे एकाच थ्रेडमध्ये, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यात, असतील तर, साध्या फंक्शन कॉलसारखेच असते: जोडले गेले त्या क्रमाने सगळे स्लॉट चालतात, आणि मग पुढची ओळ.

मला ही कल्पना कॉलेजात शिकवली तेव्हा मुळीच परकी वाटली नाही, कारण मी भोंग्याच्या आवाजात वाढले आहे.

वागळे इस्टेटला लागून असलेल्या किसननगरमध्ये आमची दहा बाय बाराची खोली होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींमध्ये वागळे इस्टेट होती. माझ्या लहानपणी तिथे अजून धूर, तेलाचा वास आणि पाळ्यांची गर्दी होती. आमच्या घरापासून सर्वांत जवळच्या कारखान्याचा भोंगा दिवसातून चारदा होत असे. तो कारखान्याने आपल्या कामगारांसाठी लावलेला होता, दुसऱ्या कुणासाठीही नाही. परंतु सकाळच्या भोंग्याला आई कुकर चढवायची. साडेअकराच्या भोंग्याला आजी रक्तदाबाची गोळी घ्यायची, आणि तिला घड्याळ वाचता येत असूनही ती घड्याळावर विश्वास ठेवत नसे. संध्याकाळचा भोंगा झाला की आम्ही विटी-दांडू जिथल्या तिथे टाकून घरी पळायचो, कारण त्यानंतर पाचच मिनिटांनी गल्लीच्या तोंडाशी बाबा दिसायचे. समोरच्या वाण्याचा गल्ला मोजणे, इस्त्रीवाल्याने कोळसे विझवणे, नळावरची पाळी बदलणे, सगळे त्या एका आवाजाला बांधलेले होते. कारखान्याच्या दप्तरात यातल्या एकाचीही नोंद नव्हती. दाराशी जाऊन विचारले असते तर व्यवस्थापकाने कामगारांची संख्या सांगितली असती, आणि ती बरोबर असूनही चुकीची ठरली असती.

पुढे कारखाना बंद पडला. देणी, संप, कोर्ट, हे सगळे मोठ्या माणसांच्या बोलण्यात यायचे आणि मला त्यातले फारसे कळत नसे. मला कळले ते एवढेच, की आजीची गोळी चुकू लागली. पहिले काही दिवस ती साडेअकराच्या सुमारास स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी येऊन उभी राहायची, पाण्याचा पेला भरायची, आणि मग आपण कशासाठी आलो ते विसरून पेला तसाच ठेवून जायची. सिग्नल बंद झाल्याचा सिग्नल कुणीच पाठवत नाही. स्लॉटला न मिळालेली हाक ऐकू येत नाही. त्याला फक्त शांतता मिळते, आणि शांतता तर एरवीही असतेच.

जुन्या क्यूटीत हे फार अनुभवले आहे. तेव्हा जोडणी करताना सिग्नल आणि स्लॉट यांची नावे प्रत्यक्षात अक्षरांच्या माळेसारखी लिहावी लागत, आणि एक अक्षर चुकले तरी प्रोग्राम निमूटपणे तयार व्हायचा. चालवताना कन्सोलवर, म्हणजे प्रोग्रामचे संदेश दिसणाऱ्या खिडकीत, 'असा स्लॉट नाही' अशी एक ओळ उमटायची आणि मग काहीच व्हायचे नाही. कारखान्यातल्या पडद्यामागचा कन्सोल कोण पाहतो? डिसेंबर २०१२ मध्ये क्यूटी ५ आल्यावर फंक्शनचे पत्ते देऊन जोडण्याची सोय झाली, आणि कंपायलर ही चूक जागच्या जागी पकडू लागला. माझ्या मते त्या आवृत्तीची सर्वांत मोठी देणगी हीच. मात्र नाव बरोबर असूनही जोडणी दोनदा होणे, हे कंपायलरला आजही दिसत नाही, कारण त्यात चूक असे काहीच नाही. कुणी खरोखर दोनदा ऐकू इच्छित असेल, तर त्याला कोण अडवणार?

मराठीत निरोप या शब्दाचे दोन अर्थ आहेत याचे मला या निमित्ताने पुन्हा कौतुक वाटले. निरोप पाठवायचा असतो आणि निरोप घ्यायचाही असतो. सिग्नलच्या लायब्ररी पहिल्या अर्थावर प्रसिद्ध होतात आणि दुसऱ्या अर्थावर त्यांची परीक्षा होते. कनेक्ट कुठे करायचे हे प्रत्येकाला सुचते. डिसकनेक्ट कुणी करायचे, यावर शहाणी माणसे मीटिंगमध्ये आवाज चढवतात. क्यूटीने यात बरीच माया दाखवली आहे: सांगणारा किंवा ऐकणारा यांपैकी कुणीही मेमरीतून गेला, की त्याच्या जोडण्या आपोआप सुटतात, आणि एकच डिसकनेक्ट दुहेरी-तिहेरी जोडण्या एकदम सोडवते. सी प्लस प्लसच्याच बूस्ट या दुसऱ्या लायब्ररीसंचातल्या सिग्नल्स२ मध्ये ही काळजी तुमची तुम्हाला घ्यावी लागते. स्वतःहून सुटणारे स्कोप्ड कनेक्शन वापरा, किंवा ऐकणाऱ्याच्या आयुष्यावर लक्ष ठेवायला सांगा, नाहीतर नष्ट झालेल्या ऑब्जेक्टाला हाक जाते आणि प्रोग्राम कोसळतो. परंतु आमच्या यंत्रात कुणीच जात नव्हते. सूचना देणारा ऑब्जेक्ट सकाळपासून रात्रीपर्यंत हजर, बझरही हजर. फक्त मध्ये सेटिंगचे पान येई, दोघांची ओळख करून देई आणि निघून जाई. आणि ते दोघे, आधीची ओळख असूनही, दर वेळी नव्याने नमस्कार करत.

यावरून आमच्या सध्याच्या सोसायटीतला डब्याचा प्रकार आठवतो. शेजारचा डबा रिकामा परत करू नये, हा नियम आईने अजून सोडलेला नाही आणि समोरच्या वहिनींनीही सोडलेला नाही, त्यामुळे गणपतीत सुरू झालेला एक डबा संक्रांतीपर्यंत दोन दारांमध्ये फिरत असतो. सरकपट्टी आणि आकड्याची चौकट एकमेकींना जोडल्या, की प्रोग्रामातही हेच व्हायला हवे: हिने बदल सांगावा, तिने स्वतःला बदलून उलट सांगावे. ते होत नाही, कारण क्यूटीतली चौकट आपल्याकडे आहे तोच आकडा पुन्हा मिळाला तर गप्प राहते. हे शहाणपण डब्याला शिकवणे मला जमलेले नाही.

दुरुस्ती किरकोळ होती. जोडणीची ओळ सेटिंगच्या पानातून काढून प्रोग्रामच्या सुरुवातीला नेली, तिला 'एकदाच' असा प्रकार लावला, आणि 'बझर चालू' आहे की नाही ते बझरलाच वाजण्याआधी पाहायला सांगितले. त्या 'एकदाच'वर डोळे मिटून विसंबू नये, कारण लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेले बिननावाचे फंक्शन, जोडला असेल तर तो प्रकार चालत नाही. नवी आवृत्ती पाठवली आणि विषय संपला असे समजले. नंतर तो दहा नंबर फलाटावरचा फोन आला.

पाचव्या दिवशी मी रबाळ्याला गेले. स्टेशनबाहेर रिक्षा मिळेना म्हणून चालत गेले. ट्रकांच्या रांगा, रस्त्याकडेला चहाची टपरी, आणि हवेत मसाल्याचा, रबराचा आणि कुठल्यातरी गोड रसायनाचा एकमेकांत कालवलेला वास. कारखान्यात शिरल्यावर सगळ्या वस्तूंवर बेसनाची पिवळी साय होती, काकांच्या भुवयांवरसुद्धा. त्यांनी मला आधी चहा दिला आणि मग टेबलाच्या खणातून एक दुरेघी वही काढली. वहीत तारखा होत्या आणि तारखांपुढे आकडे: ९, ११, ७, १४.

"हे बझरचे," ते म्हणाले. "यातून एक वजा करायचा. तो यंत्राचा स्वतःचा. उरले तितक्या वेळा कुणीतरी सेटिंग उघडलं."

मी त्या वहीकडे पाहत राहिले. पिशव्या सारख्या नापास होऊ लागल्या की ऑपरेटर मुले सेटिंगमध्ये जाऊन फरक दोन ग्रॅमने सैल करत, आणि पाळी संपताना पुन्हा घट्ट. कुणी किती वेळा हात लावला, हे विचारून कळण्यासारखे नव्हते. बझर ते सांगत होता. आम्ही ज्याला दोष म्हणत होतो त्याचे सिग्नल एक माणूस दोन महिने वहीत उतरवून घेत होता, आणि त्या जोडणीची नोंद माझ्या रिसीव्हर्सच्या आकड्यात कुठेच आली नव्हती. मग तुम्ही तक्रार का केलीत, असे मी विचारले. तक्रार त्यांची नव्हतीच; ती ऑफिसातल्या साहेबांची होती, त्यांच्या केबिनमध्ये आवाज जायचा.

सेटिंग उघडल्याचा सिग्नल प्रोग्रामात आधीपासून होता. त्याला आजवर कुणी ऐकत नव्हते. पानाच्या कोडला हात न लावता, बाजूला एक छोटा मोजणारा ऑब्जेक्ट लिहून मी तो जोडला, आणि या रचनेच्या प्रेमात माणसे का पडतात ते मला पुन्हा एकदा समजले. आकडा कुठे दाखवायचा, यावर मात्र माझा जीव अडकला. काकांना तो पासवर्डमागे, फक्त त्यांना दिसेल असा हवा होता. शेजारी पिशव्या रचणारा एक मुलगा हात न थांबवता म्हणाला, "मॅडम, बझर सगळ्यांना ऐकू यायचा. दहा झाले की आम्हीच एकमेकांना म्हणायचो, आता बास." काका त्याच्याकडे पाहून काही बोलले नाहीत, आणि मला ते मौन होकारार्थी आहे की रागाचे, ते ठरवता आले नाही. मी आकडा मुख्य पडद्यावर, मोठ्या अक्षरात ठेवला. हा निर्णय माझ्या अधिकारातला होता का, याबद्दल मला अजूनही खात्री नाही.

आम्ही पान तीनदा उघडून पाहिले. पडद्यावर ३ आला, हलकी पिशवी ठेवली तेव्हा बझर एकदाच वाजला, आणि काकांनी वहीत तारीख घालून ३ लिहिले. मग चष्मा वर सरकवून त्यांनी विचारले, की दुपारी तीनला पाळी बदलते तेव्हा हा आकडा शून्य होईल का, नाहीतर दुसऱ्या पाळीच्या डोक्यावर पहिल्या पाळीचे पाप बसेल. हे मला सुचलेच नव्हते. "आमचा तीनचा भोंगा होतो ना," ते म्हणाले, "त्यालाच जोडून टाका की." मी आनंदाने हो म्हणाले आणि भोंग्याची वायर कुठून येते ते पाहायला गेटवर गेले. तिथे पहारेकऱ्याने आपल्या मनगटावरचे घड्याळ दाखवले आणि भिंतीवरच्या लाल बटणाकडे बोट केले. ते बटण तो रोज स्वतः दाबतो. जेवायला उशीर झाला तर तीन वाजून पाच मिनिटांनी. वायर बटणापासून निघून थेट छपरावरच्या कर्ण्यात जात होती. मी परत आत आले, बेसन झटकून खुर्चीवर बसले आणि लॅपटॉप पुन्हा उघडला.